सैनिकाचा पगार आणि घरचा हिशोब



‘सैनिकाचे मनोगत’ हा निबंध तुम्ही पाचवीपासून लिहीत आला आहात. मी तो तपासत आले आहे. साठ वह्यांपैकी पन्नास वह्यांत सैनिक बर्फात उभा असतो, त्याला आईच्या हातची भाकरी आठवते आणि शेवटी तो तिरंग्याला सलाम करतो. वाईट काहीच नाही त्यात. पण आजवर एकाही वहीत त्या सैनिकाला महिन्याची एक तारीख आठवलेली मी पाहिली नाही. घरी पैसे पोचले का, सोसायटीचा हप्ता गेला का, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन कुठे करायचं, असला विचार निबंधातला सैनिक करतच नाही. खरा सैनिक मात्र करतो. मी सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात शिकवते, खटाव-माणच्या पट्ट्यात. इथे पाऊस कमी आणि भरतीला जाणारी पोरं जास्त. माझ्या प्रत्येक वर्गात चार-पाच मुलांचे वडील सैन्यात असतातच, त्यामुळे हे मला माहीत आहे.

यंदा ७ डिसेंबरला, म्हणजे सशस्त्र सेना ध्वजदिनाला, वर्गात निधी गोळा करत होतो. हा दिवस १९४९ पासून पाळला जातो. तेव्हा नववीतल्या एका मुलाने सरळ विचारलं, “बाई, सैनिकांना सरकार पगार देतंय की. मग आपण पैसे कशाला द्यायचे?” काही मुलं हसली. दोन मुलांनी त्याच्याकडे रागाने बघितलं, त्या दोघांचेही वडील फौजेत आहेत. मला तो प्रश्न आवडला. त्यातला निधीचा भाग सोपा आहे, तो पैसा माजी सैनिक, वीरपत्नी आणि अपंग झालेले जवान यांच्या कल्याणासाठी जातो. अवघड भाग पुढचा आहे. सरकार पगार देतं हे खरं, पण तो पुरतो का? आणि कुणाला पुरतो, एकट्या सैनिकाला की त्याच्या घराला?

आधी आकडे बघू, कारण पारावर या विषयावर जे बोललं जातं ते दोन टोकांचं असतं. एक जण म्हणतो, “मिलिटरीवाल्यांची चैन हाय, दारूसुद्धा स्वस्त.” दुसरा म्हणतो, “जीव देतात आणि सरकार चार दमड्या देतं.” दोन्ही खरं नाही.

सातव्या वेतन आयोगाप्रमाणे, म्हणजे १ जानेवारी २०१६ पासून, शिपायाचं मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होतं. त्यावर ५,२०० रुपये ‘मिलिटरी सर्व्हिस पे’ मिळतो. हा सैन्यातल्या खडतर आयुष्याचा वेगळा मोबदला. या दोन्हींच्या बेरजेवर महागाई भत्ता लागतो. २०२४ च्या जानेवारीत तो ५० टक्के झाला तेव्हा नव्या शिपायाचे हे तीन आकडे मिळून ४०,३५० रुपये होत होते. जेवण, राहणं सरकारी. गणवेशासाठी सातव्या वेतन आयोगात वर्षाला १०,००० रुपये वेगळे ठरले होते. सियाचीनला नेमणूक असेल तर जवानाला महिना ३०,००० रुपयांचा खास भत्ता त्याच आयोगात ठरला होता.

आता माझ्याशी तुलना करा. मी माध्यमिक शाळेत शिक्षण सेवक म्हणून लागले तेव्हा तीन वर्षं महिना ८,००० रुपये मानधन होतं. २०२३ मध्ये ते १८,००० झालं. बी.एड. करून, मुलाखती देऊन १८,००० आणि बारावी झालेल्या शिपायाला ४०,०००! म्हणजे नुसता पगार पाहिला तर आमच्या दुष्काळी तालुक्यात फौजेची नोकरी ही सगळ्यात चांगली नोकरी आहे, आणि हे बोलायला लाजायचं कारण नाही. पोरं पहाटे चार वाजता डांबरी रस्त्यावर धावतात ती देशप्रेमाने धावतात आणि पगारासाठीही धावतात. दोन्ही एका माणसात असू शकतं. आपल्या जिल्ह्यातलं अपशिंगे हे गाव पहिल्या महायुद्धातले आपले ४६ जवान गमावून बसलं, आजही लोक त्याला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. तिथल्या पोरांना इतक्या पिढ्या फौजेकडे ओढणाऱ्या गोष्टींत कोरडवाहू जमीनही होती, हे इतिहास शिकवताना आपण सांगत नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते, ती इथेच सांगून टाकते. अधिकाऱ्याला मिलिटरी सर्व्हिस पे १५,५०० आणि जवानाला ५,२००. सियाचीनचा भत्ता सातव्या वेतन आयोगात अधिकाऱ्याला ४२,५०० आणि जवानाला ३०,००० ठरला होता. मूळ पगार हुद्द्याप्रमाणे वेगळा असावा, शिक्षण आणि जबाबदारी वेगळी असते, हे कळतं. पण जो पैसा हालअपेष्टांसाठी म्हणून दिला जातो तो हुद्द्याप्रमाणे का बदलावा? उणे चाळीसमध्ये बोटं दोघांचीही सारखीच गळतात. माजी सैनिकांच्या संघटना हे बरीच वर्षं मांडत आहेत.

बरं, पगार चांगला. मग घराचं काय?

पगार एक असतो आणि घरं दोन असतात, खरी अडचण तिथून सुरू होते. जवान फील्डमध्ये असला की कुटुंब सोबत नेता येत नाही. तो तिकडे, बायको-मुलं गावी नाहीतर साताऱ्यात भाड्याच्या खोलीत. पीस स्टेशनला बदली झाली की फॅमिली क्वार्टरसाठी नंबर लावायचा. नंबर लागेपर्यंत कधी वर्ष जातं. मग दोन-अडीच वर्षं सगळे एकत्र राहतात आणि पुन्हा बिऱ्हाड मोडतं. वर्षाला ६० दिवस वार्षिक सुट्टी आणि ३० दिवस कॅज्युअल. ऐकायला तीन महिने मोठे वाटतात. त्यातले पहिले चार दिवस प्रवासात आणि भेटीगाठीत, मग घराचं गळकं छप्पर, शेताची मोजणी, बँकेतली सही, बहिणीचं लग्न. एका आईने मला पालकसभेत सांगितलं, “बाई, ह्यांची सुट्टी म्हंजी मला जास्त काम. पण रातीला दार लावून झोपता येतं, तेवढं बरं वाटतं.” या वाक्याची किंमत कुठल्या भत्त्यात धरायची?

मुलांच्या शिक्षणासाठी भत्ता आहे आणि तो बरा आहे. दोन मुलांपर्यंत प्रत्येकी महिना २,२५० रुपये होते, जानेवारी २०२४ पासून २,८१२ रुपये ५० पैसे झाले. वर्षाचे एका मुलामागे ३३,७५० रुपये. त्यासाठी शाळेचा दाखला लागतो, म्हणून एप्रिल-मे महिन्यात आमच्या ऑफिससमोर ‘बोनाफाइड’साठी फौजींच्या घरच्यांची रांग लागते. आपल्यासारख्या अनुदानित मराठी शाळेत फी नाममात्र असल्यामुळे हा पैसा घराला चांगला हातभार लावतो. म्हणजे इथे सरकारने हात आखडता घेतलेला नाही.

पण मराठीची शिक्षिका म्हणून मला एक वेगळंच नुकसान दिसतं. काही वर्षांपूर्वी आठवीत एक मुलगी आली. पहिली ते तिसरी राजस्थानात, चौथी-पाचवी पंजाबात, सहावी-सातवी मध्य प्रदेशात, सगळं केंद्रीय विद्यालयात. गणित पक्कं, इंग्रजी आमच्यापेक्षा चांगलं. वडिलांची बदली फील्डमध्ये झाली म्हणून आई दोन्ही मुलांना घेऊन गावी आली आणि पोरगी मराठी माध्यमात बसली. पहिल्या दिवशी तिने ‘माझी आजी’वर सहा ओळी लिहिल्या. त्यात आजीचं ‘डोळे’ हे ‘डोले’ झाले होते आणि आजी ‘खाना बनवते’ होती. वर्ग हसला. ती आजीजवळच राहत होती, पण आजीची भाषा तिला पाहुण्यासारखी आली होती. वर्षभर मी तिला मधल्या सुट्टीत बसवलं. ‘ळ’ यायला दिवाळी उजाडली. दहावीला तिला मराठीत ७१ मिळाले, आणि माझ्यासाठी ते नव्वदच्या बरोबरीचे आहेत. आता सांगा, हे नुकसान कुठल्या वेतन आयोगाला दिसणार? फौजींच्या बायकाही असंच काहीतरी सोडतात. बी.ए., डी.एड. झालेल्या कितीतरी जणी दर अडीच वर्षांनी गाव बदलल्यामुळे नोकरी धरू शकत नाहीत. घरात दुसरा पगार येत नाही, तो याच कारणाने. पगार पुरतो का हे विचारताना न येणारा दुसरा पगार कुणी मोजत नाही.

आता निवृत्तीचं बघू. इथे मी माझ्या दादाचंच उदाहरण देते. तो मराठा लाइट इन्फंट्रीत होता. एकोणिसाव्या वर्षी बेळगावला ट्रेनिंगला गेला, सतरा वर्षं नोकरी करून छत्तीसाव्या वर्षी नाईक म्हणून पेन्शनवर घरी आला. शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, तोवर मुलं मार्गी लागलेली असतात. दादा निवृत्त झाला तेव्हा त्याची थोरली सातवीत होती आणि धाकटा तिसरीत. खर्च वाढायला लागतो तेव्हाच पगार अर्धा होतो. नियम साधा आहे, शेवटच्या पगाराच्या निम्मं पेन्शन. मूळ पगार आणि मिलिटरी सर्व्हिस पे मिळून समजा ३८,००० असतील तर पेन्शन १९,०००, वर महागाई.

त्यात आपल्याकडे ‘पेन्शन विकायची’ पद्धत. म्हणजे पेन्शनचा काही भाग सरकारकडून आगाऊ एकरकमी घ्यायचा. नागरी कर्मचाऱ्याला ४० टक्क्यांपर्यंत विकता येते, सैनिकाला ५० टक्क्यांपर्यंत. पंधरा वर्षांनी ती पुन्हा पूर्ववत होते. दादाने निम्मी विकली. आलेले पैसे, ग्रॅच्युइटी आणि फंड मिळून दोन मजली घर बांधलं. वहिनी तेव्हाच म्हणाली होती, “अहो, एक मजला पुरे, बाकीचे पोस्टात ठेवा.” पण सतरा वर्षं पत्र्याच्या बंकरमध्ये आणि बराकीत काढलेल्या माणसाला स्वतःचं घर किती मोठं हवं, हे आपण कोण सांगणार? आता महागाई धरून हातात जेमतेम एकोणीस-वीस हजार येतात. दादा पुण्यात हिंजवडीला एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत आहे. बारा तासांची ड्यूटी. ज्याने एलओसीवर मशीनगन सांभाळली तो आता पोरांच्या गाड्यांचे पास तपासतो. त्याला त्यात कमीपणा वाटत नाही, मलाच वाटतो. राग मला एकाच गोष्टीचा आहे. पुन्हा तेच झालं, दादा पुण्यात आणि वहिनी-मुलं गावी. फौज सुटली, पण दोन चुली सुटल्या नाहीत.

न्यायाने बोलायचं तर पेन्शनच्या बाबतीत सैनिक माझ्यापेक्षा सुदैवी आहे. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या शिक्षकांची जुनी पेन्शन गेली. मार्च २०२३ च्या संपात मीही रस्त्यावर बसले होते, तुमच्यातल्या काहींनी पाहिलंय. सैन्यदलांना मात्र नव्या पेन्शन योजनेतून आधीपासूनच बाहेर ठेवलं गेलं. शिवाय ‘समान हुद्दा, समान पेन्शन’ १ जुलै २०१४ पासून लागू झाली, म्हणून माझ्या चुलत्यांसारख्या फार पूर्वी निवृत्त झालेल्यांची पेन्शन वाढली. २००३ पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे, तिचं कार्ड असलं की पती-पत्नीच्या मोठ्या आजाराची धास्ती कमी होते. महाराष्ट्रात २०२० पासून माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांच्या घराला घरपट्टी माफ करण्याची योजना आली. कँटीनमध्ये वस्तू स्वस्त मिळतात, पण खेड्यातून साताऱ्याला जाऊन-येऊन भाडं किती होतं हे धरलं तर चहापावडर-साबणात फारसं सुटत नाही. टीव्ही किंवा गाडी घ्यायची असेल तर फरक पडतो.

इथे एक बारीक गोष्ट. गावात आपण सीआरपीएफ, बीएसएफ सगळ्यांनाच ‘मिलिटरीवाला’ म्हणतो. सरकारदरबारी तसं नाही. ही दलं गृहखात्याकडे आहेत, आणि १ जानेवारी २००४ नंतर भरती झालेल्यांना जुनी पेन्शन नाही, तो वाद न्यायालयात गेला आहे. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात गेलेले ४० जवान सीआरपीएफचे होते, त्यातले दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे. शवपेटीवर तिरंगा तोच, घरी येणारा कागद मात्र वेगळा.

कागदावरून आठवलं. सैनिक गेल्यावर घराला काय मिळतं, ते तो कसा गेला यावर ठरतं. हे बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून नीट सांगते. शत्रूशी किंवा अतिरेक्यांशी लढताना मृत्यू आला तर पत्नीला शेवटचा पूर्ण पगार पेन्शन म्हणून मिळतो, शंभर टक्के. कर्तव्यावर असताना अपघाताने किंवा सेवेमुळे जडलेल्या आजाराने गेला तर साठ टक्के. आणि आजार सेवेमुळे नाही असा शेरा पडला तर साधी कुटुंब पेन्शन, पहिली दहा वर्षं पन्नास टक्के आणि नंतर तीस. शेवटचा पगार ४०,००० धरला तर एका घराला ४०,००० आणि दुसऱ्याला १२,००० (वर महागाई). केंद्राची एकरकमी मदतही अशीच पायऱ्यापायऱ्यांनी आहे. कर्तव्यावर अपघातात किंवा अतिरेकी हल्ल्यात मृत्यू आला तर २५ लाख, सीमेवरच्या चकमकीत ३५ लाख, युद्धात ४५ लाख. साध्या आजाराने गेला तर यातलं काही नाही.

माझ्या शाळेत मी दोन्ही घरं पाहिली. एका मुलीचे वडील काश्मीरमध्ये गेले. मंत्री आले, फुलांनी सजवलेली गाडी आली, गावाच्या वेशीला नाव मिळालं. दुसऱ्या एका मुलाचे वडील पीस स्टेशनला पहाटेच्या पीटीनंतर कोसळले. हार्ट अटॅक. वय एकोणचाळीस. त्या घरी दोन जवान आणि एक जेसीओ साहेब आले, सलामी झाली, तिसऱ्या दिवशी सगळे गेले. मला हे मान्य आहे की लढताना गेलेल्याचा मान वेगळा असावा. पण मान वेगळा असणं एक आणि पोराच्या पोटाचा हिशोब वेगळा असणं दुसरं. एकोणीस वर्षं बर्फात, वाळूत, रात्रपाळीत घालवलेल्या शरीराचं हृदय बंद पडलं, तर त्यात नोकरीचा वाटा नव्हता हे कागदावर ठामपणे कसं लिहिता येतं, हे मला समजत नाही. आणि तो दहा वर्षांचा नियम बघा. वडील गेले तेव्हा मुलगा तिसरीत होता. दहा वर्षांनी, म्हणजे तो बारावी होऊन कॉलेजला जायच्या वर्षी, पेन्शन पन्नास टक्क्यांवरून तीसवर येणार. ज्याने हा नियम केला त्याला मुलं कुठल्या वयात महाग होतात याचा अंदाज नसावा.

त्या मुलाच्या आईची खरी परीक्षा अजून वेगळीच होती. सैन्यात लग्न झालं, मूल झालं की त्याची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’ने सर्व्हिसच्या कागदांत व्हावी लागते. तिच्या नावाची नोंद होती, पण माहेरच्या लाडक्या नावाने. आधारवर सासरचं नाव. धाकट्या मुलीच्या जन्माची नोंद करायची राहूनच गेली होती, ‘पुढच्या सुट्टीत करू’ म्हणून. ती सुट्टी आलीच नाही. पुढचे कित्येक महिने ती बाई तहसील, बँक, कोर्टाची अॅफिडेव्हिटं करत फिरत होती. एका कचेरीत तर तिला “साहेब रजेवर आहेत” हे सलग तीन सोमवारी ऐकवलं. पैसा मंजूर होता, तो तिचाच होता, आणि तरी घर किराणा उधारीवर चाललं. म्हणून मी म्हणते की आकडा पुरेसा आहे का, याच्याइतकाच तो वेळेवर पोचतो का हा प्रश्नही मोठा आहे.

पैसा आल्यावर घरात काय होतं, तेही बोलायला हवं. पेन्शन कायद्याने पत्नीला मिळते. मग म्हातारे आई-वडील? ज्या आईने सोळाव्या वर्षापासून पोराला पहाटे उठवून भरतीला पळायला लावलं, तिला दरमहा काहीच नाही, सुनेच्या मनावर. आणि सून तेवीस-चोवीस वर्षांची, तिचं पुढचं आयुष्य पडलेलं. गाव लगेच दोन पक्षांत वाटलं जातं. सून माहेरी गेली तर ‘पैसे घेऊन पळाली’, सासरी राहिली तर दिराशी लग्न लावायचा घाट. आणि हा घाट नुसता गावाचा नव्हता, सरकारच्या नियमातही होता! शौर्यपदकाचा भत्ता विधवेला पुनर्विवाहानंतर चालू राहायचा तो तिने दिवंगत पतीच्या भावाशी लग्न केलं तरच. ही अट काढायला नोव्हेंबर २०१७ उजाडावं लागलं. मला विचाराल तर पत्नीचा हक्क पहिला असावा यात शंका नाही, पण गरजू आई-वडिलांसाठी स्वतंत्र, थोडी का होईना, मासिक रक्कम असायला हवी. म्हणजे दोन बायकांना एकाच ताटातून ओढाओढ करावी लागणार नाही.

आता तुमच्या जवळचा विषय, अग्निवीर. अकरावी-बारावीची मुलं इथे कान टवकारतील. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षं नोकरी. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, मग ३३,०००, ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले तीस टक्के सेवानिधीत कापले जातात, तेवढेच सरकार घालतं. म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,०००. चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार करमुक्त मिळतात. पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलं कायम होतील, बाकीची घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणजे ईसीएचएसही नाही.

एकवीस-बावीस वर्षांच्या पोराच्या हातात अकरा लाख येणं ही लहान गोष्ट नाही, हे मी मान्य करते. पण वर जे सगळं सांगितलं, पेन्शन, दवाखाना, मागे राहिलेल्याला दरमहा आधार, त्या सगळ्याच्या बदल्यात ही रक्कम आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचीनमध्ये कर्तव्यावर गेला. अशा वेळी घरच्यांना ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांची मदत, उरलेल्या सेवाकाळाचा पगार आणि सेवानिधी मिळतो. एकूण एक कोटीच्या वर. कुणी म्हणेल, पुष्कळ झाले. पण एकरकमी पैसा आणि दरमहाचा पैसा यांचा स्वभाव वेगळा असतो. शेतकऱ्याच्या घरात एकदम कोटी आले की चुलते, मेहुणे, जमिनीचे दलाल, दामदुप्पटवाले सगळे दारात. पेन्शनवर असा डल्ला मारता येत नाही, ती दर महिन्याला थोडी थोडी येते म्हणूनच टिकते. शेजारच्या मोर्चावर उभा असलेला नियमित जवान गेला तर त्याच्या घराला आयुष्यभर पेन्शन, अग्निवीराच्या घराला नाही. गोळी दोघांत फरक करत नाही. माझ्या मते या सगळ्या योजनेतली सर्वांत दुखरी जागा हीच आहे, नोकरी चार वर्षांची असण्यापेक्षाही.

योजनेच्या बाजूने बोलणारे सांगतात की पेन्शनचा बोजा फार वाढला होता, सैन्य तरुण हवं, नवी शस्त्रं घ्यायला पैसा हवा. हे मुद्दे खोटे नाहीत. पण बोजा कमी करताना तो कुणाच्या खांद्यावरून उचलून कुणाच्या खांद्यावर ठेवला, ते बघायला नको? तो दिल्लीतून उचलला आणि खटाव-माणमधल्या एखाद्या घराच्या ओसरीवर ठेवला. अग्निवीरांची पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला ट्रेनिंगला गेली, त्यात माझे तीन माजी विद्यार्थी आहेत. एकाची आई बाजारात भेटली की एकच विचारते, “बाई, ह्यो कायम हुईल का वो?” आपल्या हातात नसलेली गोष्ट मी तिला काय सांगणार? मी तिला एवढंच म्हणाले की त्याला म्हणावं बारावीनंतरचं शिक्षण मुक्त विद्यापीठातून चालू ठेव.

शेवटी, ज्यांच्या घरी फौजेचा पगार किंवा पेन्शन येते त्या मुलांसाठी काही कामाच्या गोष्टी.

वडील सेवेत असतील तर येत्या सुट्टीत त्यांच्यासोबत बसा आणि आईचं, तुमचं, भावंडांचं नाव पार्ट टू ऑर्डरमध्ये, आधारवर आणि शाळेच्या दाखल्यावर एकाच स्पेलिंगने आहे का ते पाहा. नसेल तर दाखल्याचं काम माझ्याकडे द्या, जन्मतारीख आणि नावातली दुरुस्ती दहावीचा फॉर्म भरायच्या आधी करता येते, नंतर फार त्रास होतो. वडील निवृत्त झाले असतील आणि तुम्ही बारावीला साठ टक्क्यांच्या वर असाल, पुढे व्यावसायिक पदवी घेणार असाल, तर पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. मुलींना महिना ३,०००, मुलांना २,५००. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर भरतात आणि पडताळणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होते. सेवेत असलेल्यांच्या मुलांना ही मिळत नाही, उगाच फेरा घालू नका. ज्यांचे वडील लढताना गेले किंवा अपंग झाले त्यांच्या शिक्षणाचा खर्च १९७१ च्या युद्धानंतर आलेल्या सवलतीतून होतो. मध्ये २०१७ ला त्यावर महिना दहा हजारांची मर्यादा आली होती, ती मार्च २०१८ मध्ये उठली. सातारच्या सैनिक स्कूलमध्ये (१९६१ साली सुरू झालेलं देशातलं पहिलं) आजी-माजी सैनिकांच्या मुलांसाठी पंचवीस टक्के जागा असतात, धाकट्या भावंडांसाठी विचार करा. आणि पेन्शनवर असलेल्या आजी-आजोबांचा हयातीचा दाखला आता स्पर्श प्रणालीत मोबाईलवरूनही भरता येतो. आजीचा अंगठा उमटत नसेल तर चेहऱ्याने होतं, ते कसं करायचं हे कॉम्प्युटर लॅबमध्ये शनिवारी दुपारी दाखवीन. येताना आजीचं आधार आणि पेन्शनचा नंबर घेऊन या.